शोकेसमधली भागीरथा

केशवने भागीरथाच्या चेहऱ्यावरचे देवीचे वण पुसले ते निव्वळ दयेपोटी, आणि तिला न विचारता. साल बहात्तर. शहरात सदर भागातल्या एका फोटो स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून उपवर मुलींना देखणं करण्यात त्याचा हातखंडा होता. भागीरथा उमरेडच्या विणकराची पोर, दिवसभर बापाच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी. स्थळाला पाठवायला फोटो हवा म्हणून एसटीने आली होती. गोरीगोमटी गिऱ्हाइकं आली की केशव खुर्ची पुसून द्यायचा, चहा मागवायचा. हिला त्याने तासभर बाकावर ताटकळत ठेवलं, आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

फोटोवर खूश होऊन पाहुणे उमरेडला गेले. मुलगी समोर आली तशी त्यांनी एकदा फोटोकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि पोह्यांना हातही न लावता उठले. विणकराने फसवलं, असा गावभर बोभाटा झाला.

भागीरथा जाब विचारायला सदरला आली, तर दारातल्या शोकेसमध्ये स्टुडिओच्या मालकाने तिचाच फोटो मांडलेला. कॉलेजची दोन पोरं त्याच्यापुढून हलायला तयार नव्हती. ती शेजारी जाऊन उभी राहिली. त्यातला एक तिच्याकडे धड न बघताच म्हणाला, "बाई, जरा बाजूले व्हा ना. दिसून नाही राहिलं."

आत केशवने हे ऐकलं. आता ही रडणार, म्हणून त्याने घाईने खुर्ची पुढे केली. ती खुर्चीवर बसून पोटभर हसली आणि डोळे पुसत म्हणाली, "काहून पुसले गा भाऊ?"

"तुम्ही चांगल्या दिसाव्या म्हणून."

"दिसली ना. पण ते फोटोतली पोरगी सासरी जाईन, मी कुठं जाऊ?"

केशवने दुसरा फोटो काढला. पेन्सिल खणातच राहिली.

तो फोटो एका घरून परत आला, दुसरीकडून उत्तरच नाही. उमरेडचं कोणी दुकानात आलं की केशव आडून आडून चौकशी करायचा. शेवटी प्रताप नगरच्या रुख्माबाई मुलाला, मुकुंदला, घेऊन उमरेडला गेल्या. मुकुंदने बशी चाटूनपुसून संपवली आणि आणखी पोहे मागितले.

लग्नानंतर जोडीचा फोटो काढायला आली तेव्हा भागीरथाने बजावलं, "त्या दिवशीचे पोहे तुमच्यापायी वाया गेले. घरी येऊन खाऊन जा, तवा फिटन."

शोकेसमध्ये आता तो जोडीचा फोटो आहे, वणांसकट. एखादी बुजरी मुलगी आली की केशव आधी खुर्ची पुसतो. भागीरथाचं प्रताप नगरचं सासर सायकलने काही लांब नाही. पोहे मात्र अजून खायचे राहिलेत.