देवरावांची पहाट

पुसदच्या जुन्या नाटकवेड्यांनी देवरावांना रंगमंचावर कधी पाहिलं नाही. पाहिली ती त्यांची पहाट. विंगेच्या अंधारात ते उकिडवे बसत. समोर मिठाच्या पाण्याने भरलेली चिनीमातीची बरणी, हातात सुतळी, सुतळीला टांगलेला लोखंडी पत्रा. दिव्यांची वीज त्या पाण्यातून जाई; पत्रा जसा खोल उतरे, तसे दिवे उजळत जात. तिसरी घंटा झाली, पडदा सरकला, की देवराव सुतळी सैल सोडत, आणि समोर अशी पहाट फुटे की पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं शाल सावरून घेत.

आता ती बरणी त्यांच्या बायकोने, तुळसाबाईंनी, लोणच्याला घेतली होती आणि देवरावांच्या हाताला कंप सुटला होता.

ती पहाट असलेलं जुनं नाटक रविवारी पुन्हा उभं राहणार होतं. यावेळी दिव्यांचं काम त्यांच्या लेकीकडे, दीपाकडे आलं. दीपा पंपांचे आणि वजनकाट्यांचे बोर्ड दुरुस्त करायची. तिने एका डब्यात छोटासा संगणक बसवून दिवे चालवायची सोय केली. डब्यात काय भरायचं ते बांधून द्यायला तिच्या लॅपटॉपवर एक साधन होतं. त्याला यादी द्यायची. मग ते एकेका प्रोग्रॅमचा कोड इंटरनेटवरून आणी, सगळं जुळवी आणि डब्यात भरायला तयार करून देई. दिव्यांचा प्रोग्रॅमही असाच कुण्या परक्याने लिहिलेला. त्याची पहाट नळाच्या धारेसारखी एका चालीने वाढे.

दीपाला वडिलांची पहाट हवी होती. बुधवारी दुपारी तिने बादलीत पाणी भरलं, तांब्याला सुतळी बांधून त्यांच्या हाती दिली. देवरावांनी डोळे मिटले. तांब्या उतरू लागला, मध्येच थबकला, पुन्हा उतरला. दीपा सुतळीवर नजर ठेवून एकेक आकडा थेट कोडात लिहीत गेली. संध्याकाळी भिंतीवरच्या दिव्यात ती पहाट उमटली तेव्हा तुळसाबाई चूल सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

शुक्रवारी दीपाने डब्यात एक किरकोळ बदल केला आणि साधनाला सगळं पुसून पहिल्यापासून बांधायला सांगितलं. दिवा लागला. धार एका चालीने वाढत गेली.

"बाबा, आपली पहाट गेली."

"गेली म्हणजे? परवाच त दाखवली तुले."

"त्या साधनानं कोड आणून ठेवला होता न, त्याच्यातच मी लिहिलं. आता त्यानं ते पुसलं अन् बाहेरून पुन्हा पहिलेचा आणला."

देवराव मग हसायला लागले.

"अवं, तू भाड्याच्या ड्रेपरीले टाके घालून राह्यली का? खेळ संपला का ड्रेपरीवाला आपली पेटी घेऊन जाते. पुढच्या खेपेले पुन्हा तेच ढगळं कुडतं. अंगाबरोबर पाह्यजे त घरची ड्रेपरी शिवा लागते!"

दीपाचा हात लॅपटॉपवरच थांबला. घरची ड्रेपरी. तिने प्रोग्रॅमच्या कोडाची एक प्रत स्वतःच्या फोल्डरमध्ये काढली. मग साधनाच्या सेटिंगमध्ये एक ओळ घातली: हा प्रोग्रॅम बाहेरून आणू नको, माझ्या या फोल्डरमधून घे. आता त्याने हवं तेवढं पुसावं; तिच्या फोल्डरला ते हात लावणार नव्हतं.

पण फोल्डरमध्ये पहाट कुठे होती? बुधवारचे आकडे तर पुसले गेले होते.

"बाबा, एक डाव अजून."

"नाई जमत आता. पाह्य न, हात कसा करून राह्यला."

"तसाच करा."

"कायले? लोक हासतीन."

"हासू द्या. तुमच्यासारखी पहाट मले नाई जमत."

तुळसाबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात घासूनपुसून लख्ख केलेली बरणी होती. "घ्या," म्हणाल्या, "लोणचं पातेल्यात काढलं. खराब झालं त दोघंही नुसती भाकर खासान."

बरणीत साधं पाणी भरलं. देवरावांनी डोळे मिटले. खिडकीतून आलेला उन्हाचा कवडसा पाण्यावर डुलत होता, त्यात कापसाचा एक तंतू तरंगत होता. तांब्या उतरला, थबकला, थबकल्या जागी थरथरला, उतरला. दीपाने एकही आकडा गाळला नाही. मग तिने साधनाला सगळं पुसून बांधायला लावलं. एकदा. पुन्हा एकदा. दोन्ही वेळा भिंतीवर पहाट झाली.

रविवारी देवराव पहिल्या रांगेत बसले. जन्मभर त्यांनी विंगेत बसून बरणीतला पत्रा पाहिला होता. समोरून ही पहाट त्यांना कधी दिसलीच नव्हती. तिसरी घंटा झाली. पडदा सरकला. काळोखातून राखाडी, राखाडीतून केशरी रंग चढत गेला, मधेच थबकला आणि थबकल्या जागी जरासा थरथरला, पाखरू जागं व्हावं तसा.

मांडीवर देवरावांची बोटं नसलेली सुतळी सैल सोडत होती. दुसऱ्या हाताने त्यांनी शाल ओढून घेतली.

"थंडी वाजून राह्यली का?" तुळसाबाईंनी हळूच विचारलं.

"चूप राह्य," देवराव म्हणाले, "उजाडून राह्यलं."