सातवं चाक

कार्तिक पौर्णिमा, संध्याकाळ. केळव्याचा किनारा, पूर्ण ओहोटी. हजर : माझा थोरला भाऊ अनंतदादा, सुलभावहिनी, मी आणि ट्रक.

ट्रक हातभर लांबीचा. मागच्या हौद्यात वाटीभर बर्फाचा चुरा आणि त्यावर वहिनीनं ठेवलेली तीन मांदेली. पाणी लांब गेलं होतं आणि मागे राहिलेली ओली वाळू इतकी लख्ख होती, की सगळं आकाश तिच्यात उतरलं होतं. एका बाजूला सूर्य बुडत होता, दुसऱ्या बाजूला सुरूच्या झाडांमागून चंद्र वर येत होता आणि मधून आमचा मासळीचा ट्रक ढगांवरून चालल्यासारखा चालला होता. रिमोट दादाच्या हातात होता. पण दादाला चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. साखरेनं डोळे नेले होते.

"मंदे, गप काय उबी? क्लीनर हायस ना माजी? बोल की!"

"डावीकडे घे... अजून थोडं... येऊ दे, येऊ दे... बस्स!"

"आवाज काय असा? मनोरच्या हायवेवर क्लीनर असा बोलला तर ट्रक खड्ड्यात जाल. वरड!"

मी ओरडले. वहिनी हसून हसून वाळूत बसली.

त्यानंतर काही आठवड्यांनी, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, वहिनीचा फोन आला. "मंदाताई, या." एवढंच. मी नेहमीप्रमाणे कामाला लागले. कोणाला कळवायचं, खुर्च्या कोण आणणार, मुंबईहून येणाऱ्यांना पालघर स्टेशनवरून कोण आणणार... दादाच्या तेराव्यापर्यंत सगळं वेळेवर झालं. सगळं संपल्यावर बसायला जागा शोधली, तर समोर खिडकीत ट्रक उभा होता.

दादानं उमेदीची सगळी वर्षं किनाऱ्यावरची मासळी बर्फात घालून गुजरातकडे नेली. दृष्टी अधू झाली तेव्हा लायसन्स आपणहून कपाटात ठेवून दिलं. मग काही महिने तो नुसता गॅलरीत बसून असायचा. रस्त्यावरून गाडी गेली की आवाजावरून सांगायचा, रिकामी आहे की भरलेली. एक दिवस बोईसरच्या भंगारवाल्याकडे, रफिककडे, त्याला मोडक्या खेळण्यातल्या ट्रॅक्टरांची एकाच मापाची सहा रबरी चाकं मिळाली. तो ती घरी घेऊन आला आणि म्हणाला, "टायर मिळाले. आता ट्रक बांधायचा."

मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. आधी आराखडा, मग सामानाची यादी, मग खरेदी, ही माझी रीत. दादाची उलटी. हाताला जे लागेल त्यावरून पुढचं ठरायचं. खिडकीची ॲल्युमिनियमची पट्टी मिळाली, म्हणून चॅसी तेवढी लांब. जुन्या प्रिंटरच्या दांड्यांचे ॲक्सल. बिनतारी स्क्रू-ड्रायव्हरची मोटर. गुंडाळायच्या मोजपट्टीचे तुकडे एकावर एक ठेवून केलेले स्प्रिंगचे पाटे, वजन पडलं की खऱ्यासारखे दबणारे. तेलाच्या डब्याची केबिन आणि वहिनीच्या पावडरच्या डबीतला आरसा कापून दोन बाजूंना दोन. सगळं बोटांनी चाचपून. मी विचारायचे, "अजून काय काय लागेल ते एकदा सांग, मी लिहून घेते." तो म्हणायचा, "तुज्या स्टोअरात सगला हाय, मला पायजे तेवडाच नाय."

पहिल्या फेरीला चाकाखाली लिंबू ठेवायचं ठरलं. लिंबू चाकाला जड झालं, गाडी नुसती घरघरत राहिली. शेवटी वहिनीनं मटाराचा एक दाणा ठेवला. तो फुटला तेव्हा दादानं दोन्ही हात जोडले.

बर्फ पहिल्यांदा भरला त्या दिवशी मात्र गाडी गॅलरीच्या मध्यावर बंद पडली. उघडून बघितलं तर मोटर ओलीचिंब. दादानं हौद्याच्या तळाला भोक ठेवलं होतं. मासळीच्या गाडीला असतंच, बर्फाचं पाणी गळायला. ते नेमकं मोटरवर आलं होतं.

"अहो, खेळण्यातल्या गाडीला कशाला भोक?" वहिनी म्हणाली.

"पानी गेला नाय तर मावरा सडल ना," दादा म्हणाला. स्वतःच हसला, आणि तरीही भोक बुजवलं नाही. शहाळ्याची स्ट्रॉ लावून पाणी मागे काढून दिलं. किनाऱ्यावरच्या त्या संध्याकाळी ट्रकच्या मागे वाळूवर थेंबांची बारीक रेघ उमटत गेली होती. अजून डोळे मिटले की ती रेघ दिसते... ट्रक दिसत नाही, रेघ दिसते.

त्या दिवशी मी म्हटलं होतं, "दादा, चल ना असाच, शेजारच्या माहीम गावाच्या बाजूला, वाळू संपेपर्यंत." त्याच्या मनातही तेच होतं, वर्षभर तो तेवढंच बोलत होता. शेवटची एक लांब फेरी. पण त्यानं गाडी वळवली.

"स्टेपनी नाय. स्टेपनीशिवाय मी कदी लांबची फेरी केली नाय. आता काय करू?"

चाकं सहाच मिळाली होती, पुढे दोन, मागे चार. त्याच मापाचं सातवं मिळत नव्हतं. मी ऑनलाइन शोधलं, पालघरच्या खेळण्यांच्या दुकानांत फिरले. दादानं हौद्याखाली स्टेपनीची जागा करून ठेवली होती, खाली निघालेला एक बोल्ट आणि त्याचा नट हरवू नये म्हणून तो त्याच बोल्टावर फिरवून घट्ट केलेला.

गेल्या आठवड्यात बोईसरला रफिकच्या दुकानावरून जाताना त्यानं हाक मारली. "दीदी! चाचा का चक्का आ गया. बोलना, खुद आके ले जाएँ, चाय भी पिएँगे."

मी सांगितलं. त्यानं चाक शर्टाच्या टोकानं पुसलं, पुन्हा पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

वहिनीनं ते डोळ्यांजवळ नेलं, नख लावून बघितलं. माप तेच. म्हणाली, "तुम्ही चालवा मंदाताई. मी क्लीनर. मला ओरडता येतं."

रिमोटचा सराव मी गॅलरीत करते आहे. अजून भिंतीला धडकते. ओहोटीच्या वेळा लिहून फ्रिजवर लावल्या आहेत, बॅटरी भरलेली आहे, मांदेली कोणाकडून घ्यायची तेही ठरलं आहे. काम एकच राहिलं आहे. स्टेपनी बसवायची तर बोल्टावरचा तो नट आधी काढायला हवा. पाना रोज हातात घेते, नटाला लावतेही. दादानं तो आपल्या बोटांनी घट्ट केलेला आहे... अजून फिरवलेला नाही.