कॅमेऱ्याची कंपनी विकली गेली तेव्हा

जळगावच्या दुकानदाराने चहा मागवला तेव्हाच मला शंका आली. हा माणूस कधी फुकट पाणी पाजत नाही. मग हळूच म्हणाला, "आपल्या कॅमेऱ्याची कंपनी विकली गेली. पण घाबरू नका, नाव तेच राहणार आहे."

नाव तेच राहणार! हॉटेलातला आचारी बदलला आणि पाटी तीच ठेवली, तर भाजी तीच लागते का? नवे मालक म्हणे मिक्सर आणि इस्त्र्या बनवणारे. झालं! ज्यांनी पिढ्यान् पिढ्या भिंगं घासली, त्यांच्या गादीवर चटणी वाटणारे बसले.

धुळ्याच्या आमच्या स्टुडिओत त्या कंपनीचा जुना कॅमेरा होता. वरच्या भिंगातून आपण बघायचं, फोटो खालच्या भिंगातून निघायचा. नव्या मालकांचं पत्रक आलं, की जुने कॅमेरे मुंबईला पाठवा, तेलपाणी करून देऊ. थोरला भाऊ पाठवायला निघाला, तर मी कॅमेरा कपाटात कोंडला. म्हटलं, "चांगलं भिंग काढून घेतील आणि बाटलीचं बूड बसवून देतील!"

"दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो," भाऊ म्हणाला. "तुझं तोंड कधी पोळलंय रे?" आणि रागारागाने कंपनीचा नवा कॅमेरा घेऊन आला.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या अक्कांच्या मुलीचं लग्न शिंदखेड्याला होतं. अक्कांचं एकच मागणं होतं, आबांचा म्हणजे त्यांच्या वडिलांचा एक फोटो. म्हातारा जन्मात कॅमेऱ्यापुढे बसला नव्हता. नातीसाठी कसाबसा तयार झाला होता.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट गिऱ्हाइकांना ठाऊक नसायची. एका रोलात फोटो बारा, आणि मांडवात प्रत्येकाला नवरीशेजारी उभं राहायचं असायचं. मग आम्ही रोल न भरलेल्या कॅमेऱ्याने रिकामा फ्लॅश मारायचो. उजेड पडला की पाहुणा खूश. एरवी त्यासाठी एखादा मोडका कॅमेरा नेत असू. या वेळी मी नवा कोरा कॅमेरा रिकामा नेला, आणि भाऊने दिलेले सगळे रोल जुन्यात भरले.

आबा कुरकुरत बसले. नातीने हात धरला तसे चक्क हसले. जुन्याने मी तीन फोटो घेतले. नवा वापरला नाही हे भाऊच्या कानावर जायला नको, म्हणून नव्यानेही एक फ्लॅश मारला. रिकामा.

धुळ्याला येऊन रोल धुतले. सगळे कोरे. खालच्या भिंगामागची झडप जुन्या तेलाने चिकटली होती. खटका वाजत होता, वरून सगळं दिसत होतं, झडप मात्र उघडतच नव्हती.

भाऊने विचारलं, "नव्याने काढलेस ना?" मी हो म्हणालो. अक्कांनाही तेच सांगितलं. "नवा मालक, नवा माल. दगा दिला."

भाऊ खाली मान घालून बसला. दुसऱ्या दिवशी तो कॅमेरा जळगावला परत देऊन आला. गावभर बोभाटा झाला, आणि धुळ्यात त्या कंपनीचा कॅमेरा पुढे कुणी घेतला नाही. आबांना पुन्हा बसा म्हणून विनवलं, तर ते म्हणाले, "एक दाव बसनू ना, आते नही." ते शेवटपर्यंत बसले नाहीत.

मला वाटलं होतं, अक्का माझं तोंड बघणार नाहीत. पण त्यांनीच मला धीर दिला. "तुना काय दोष, भाऊ? सारा दिन तू आम्हना डोयासमोर फोटो काढी ऱ्हायंता. मुडदा बसो त्या नवा मालकना!"

त्या वर्षी त्यांनीच मला आणखी दोन लग्नांची कामं मिळवून दिली. ज्याला त्याला सांगत होत्या, "माणूस खात्रीना शे."