दुसरं माणूस

माझी सून हट्टी आहे, हे लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं. तेव्हा राग यायचा. आता मी ते चारचौघांत मुद्दाम सांगते.

ती एका वृद्धाश्रमात केअरटेकर आहे. तिथले एक आजोबा पूर्वी ट्रक चालवायचे, म्हणून सगळ्यांचे ड्रायव्हर आजोबा; दणकट गडी, कमरेखालचं अंग गेलेलं, पण जीभ धडधाकट. त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायला दोन माणसं हवीत, हा तिथला नियमच. तरी मॅनेजरने माणसं कमी केली. वरच्या मजल्यावर ही एकटी उरली. "घ्या हो ताई सांभाळून," म्हणून साहेब मोकळे!

बाकीच्या मजल्यांवरच्यांनी मान डोलावली. हिने नाही. आजोबांच्या पलंगाशी बसून तिने खाली निरोप धाडला, "एकटीने उचलणार नाही. पडले तर हाड त्यांचं मोडेल. दुसरं माणूस पाठवा."

साहेब तणतणत वर आले. "उद्यापासून येऊ नका म्हटलं तर?"

"उद्याचं उद्या बघू. आत्ता तुम्ही डावीकडून धरा."

आजोबांनी लगेच हात पसरले. "या साहेब, लाजू नका."

साहेबांनी बाह्या सरसावल्या.

तिने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मला आधी महिन्याचा किराणा आठवला. मुलाचं काम सुटलेलं, घर तिच्या एकटीच्या जिवावर चाललेलं. तरी तोंडातून निघालं, "बरं केलंस."

मग रोज तेच. उठवायचं, पाठवा साहेबांना. आंघोळ, पाठवा साहेबांना. आठवडाभरात साहेबांची कंबर धरली आणि वरच्या मजल्यावर नवी मुलगी कामाला आली. सुनेची नोकरी कुठली जातेय! नव्यांना आता तीच शिकवते.

परवा गुडघ्याचं ऑपरेशन करून मला घरी आणलं. मी म्हटलं, "अगं, नुसता हात दे, उठते मी."

"नाही आई. दुसरं माणूस येऊ दे."

"मी काय ड्रायव्हर आजोबा आहे?"

"त्यांच्याहून जड आहात," म्हणत तिने टीव्हीपुढे बसलेल्या माझ्या लेकाला हाक मारली. तो कुरकुरत आला.

"डावीकडून धर," ती म्हणाली. त्याने धरलं.

मी उभी राहिले. गुडघा ठणकत होता, पण भीती म्हणून वाटली नाही. उजवीकडून माझ्या सुनेने धरलं होतं.