न झालेल्या कामाची किंमत

श्रीधर कासारे साहेबांची आणि माझी पहिली भेट झाली ती जागा पाहण्यासारखी नव्हती. पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावाच्या पुढे डोंगरात एक वरची वाडी आहे. तिथे जाणारा काँक्रीटचा रस्ता अर्ध्यावर थांबणार, अशी कुणकुण लागल्यामुळे मी दैनिकाचा वार्ताहर म्हणून चढून गेलो होतो. रस्ता जिथे व्हायचा होता त्या पायवाटेवर एक गृहस्थ हातात मोजमापाची फीत घेऊन एकटेच उभे होते. ते बांधकाम उपविभागाचे उपअभियंता आहेत हे कळल्यावर मी विचारले, "इथलं काम तर रद्द झालं ना? मग मोजता काय?"

"रद्द झालंय म्हणूनच आलो," ते म्हणाले. "वाढवलेलं काम बघायला सगळेच जातात. गाळलेल्या कामाकडे कोणी फिरकत नाही. किंमत मात्र दोन्हींची लावायची असते."

साहेबांच्या षष्ट्यब्दीच्या गौरव अंकासाठी लिहायला बसलो आणि पहिल्यांदा हेच वाक्य आठवले. कामात बदल झाला की त्याचा दर बसवणे हा सरकारी बांधकामातला सर्वांत रुक्ष भाग. भूमिपूजनाला नारळ फुटतो, उद्घाटनाला फीत कापली जाते; मधल्या कमीजास्तीच्या कागदांकडे कोणी बघत नाही. साहेबांची बरीच नोकरी त्या कागदांत गेली. महाड आणि पोलादपूरच्या डोंगराळ भागात आखल्याप्रमाणे पुरे झालेले काम विरळाच, त्यामुळे त्यांना या कामाचा तुटवडा कधी पडला नाही. "आमटीऐवजी पिठलं केलं तर हे फरक काढून मागतील," असे त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी म्हणतात, आणि साहेब ते नाकारत नाहीत.

त्या वाडीची हकीकत थोडी सविस्तर सांगतो. ठेका एकरकमी होता आणि रस्ता खालच्या वाडीवरून वरच्या वाडीपर्यंत जाणार होता. काम चालू असताना खालच्या वाडीमागचा डोंगर सरकू लागला. अगदी कडेला शेवंताबाई सकपाळ यांचे घर. मागच्या भिंतीला तडा गेल्यावर त्या पाचाडला बहिणीकडे राहायला गेल्या. तिथे संरक्षक भिंत बांधणे भागच होते. मंजूर रकमेपेक्षा खर्च वाढला असता तर प्रकरण वरच्या कार्यालयात गेले असते आणि भिंत त्या पावसाळ्याआधी झाली नसती. म्हणून वरच्या वाडीचा शेवटचा टप्पा गाळून त्याच पैशात भिंत घ्यायचे ठरले. गाळलेल्या टप्प्याची किंमत किती धरायची, यावर भिंत पुरी होणार की अर्धी, हे ठरणार होते. अर्ध्या भिंतीचा शेवंताबाईंच्या घराला काही उपयोग नव्हता.

ठेकेदार संतोष उतेकर पोलादपूरचेच. मेहनती माणूस, बोलायला मोकळा. निविदेसोबतच्या तपशिलात त्यांनी या टप्प्यासाठी अगदी थोडी रक्कम लिहिली होती. साहेबांच्या टेबलासमोर त्यांचा वाद झाला तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

"साहेब, कागदावर लिवलंय तेवढं कापा. विषय संपला."

"संतोषराव, भिंतीला दर कुठला धरलात?"

"आजचा. सिमेंट आज घ्यायचंय ना मला!"

"मग रस्त्याला जुना का? तो रस्ता आज करावा लागला असता तर तुमचे जेवढे पैसे गेले असते, तेवढे तुमचे वाचले."

"म्हंजे कमी दर भरला ही माझी चूक, नि तिची शिक्षा आता?"

"शिक्षा नाही. त्या टप्प्यात तुम्हाला तोटा होणारच होता. रस्ता केला असता तर तो तोटा माझ्याकडे मागितला असतात?"

"तुमी दिला असतात होय?"

"नसता दिला. मग रस्ता रद्द झाला म्हणून त्याचा फायदाही मागू नका. बदलाआधी जिथे होतात तिथेच राहा. वर नको, खाली नको."

उतेकरांना ते पटले नव्हते. साहेबांनी मग कनिष्ठ अभियंत्यांनी केलेली आकडेमोड पुढे ओढली. तीत पूर्ण टप्पाच वजा धरला होता. साहेब म्हणाले, "वर डोंगराचं कटिंग झालंय, खडी चढवून ठेवलीय. मी बघून आलो. झालेलं काम गाळलेलं कसं होईल? एवढं वजाबाकीतून काढा." ही गोष्ट खुद्द उतेकरांनीही मांडली नव्हती. ते हसून म्हणाले, "साहेब, हे मला आधी सांगितलं असतंत तर एवढा घसा कशाला कोरडा केला असता!"

दोन्ही बाजूंना आजचाच दर लावला, झालेले काम बाजूला काढले, आणि भिंत मंजूर रकमेत काठोकाठ बसली.

इथवरचे काम कोणत्याही जाणत्या अभियंत्याला जमले असते. साहेब त्यानंतर पुन्हा वरच्या वाडीत गेले, आणि या खेपेला मलाही बरोबर नेले. वाडीचे जाणते कोंडीरामदादा अंगणात बसले होते. साहेबांनी उभ्यानेच सांगितले, "दादा, तुमचा रस्ता गाळलाय. माझ्या सहीनं. दुसऱ्याकडून कळण्याआधी सांगायला आलो."

आतून एका बाईंचा आवाज आला, "खालच्यांची घरं ती घरं, नि आमचे पाय काय लाकडाचे हायत?"

"नाहीत, बाई. रस्ता नसला तर पाय दुखतील. भिंत नसली तर माणसं जातील. मला दोन्हींतलं एकच करता येत होतं."

"मंग फुडल्या साली करा," कोंडीरामदादा म्हणाले.

"ते माझ्या हातात नाही, म्हणून तसं म्हणणार नाही. पुढच्या प्रस्तावात पहिलं नाव तुमच्या वाडीचं लिहीन. तेवढं हातात आहे."

चहा आला, पण आतल्या बाई काही बाहेर आल्या नाहीत. साहेबांनीही मन वळवण्याचा प्रयत्न केला नाही. उतरताना ते म्हणाले, "रागावू दे. रस्ता त्यांचा गेलाय, माझा नाही."

भिंत वेळेत उभी राहिली. त्या पावसाळ्यात डोंगराची माती भिंतीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. शेवंताबाई पाचाडहून परत आल्या त्या आपल्या घरातच राहिल्या.

साहेबांच्या कामाचा वेग संथ होता आणि त्यावर अनेकजण चिडत, हेही इथे नोंदवायला हवे. एक फाइल तीनदा परत पाठवणारे साहेब ठेकेदारांना आवडत नसत, कधी आम्हा वार्ताहरांनाही नाही. पण त्यांच्या हाताखाली तयार झालेले तरुण अभियंते आज तालुक्यात ठिकठिकाणी आहेत, आणि कामात बदल झाला की गाळलेली जागा आधी पाहून येतात. त्यांना हे साहेबांनी कधी तोंडी शिकवल्याचे मला आठवत नाही.

वरच्या वाडीचा रस्ता अजून झालेला नाही. साहेबांनी शब्द दिल्याप्रमाणे पहिले नाव लिहिले. पुढे मंजुरी रखडली आणि ते निवृत्त झाले. तरी दरवर्षी ते कोंडीरामदादांना घेऊन कार्यालयात जातात आणि अर्जदारांच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसतात. या अंकासाठी चार शब्द मागायला मी वाडीत गेलो, तेव्हा दादा म्हणाले, "रस्ता व्हायचा तवा होईल रे. पन सायेब हायत तवर आमच्यासाठी विचारनारा मानूस हाय. त्यांना बरं ऱ्हायला सांग."

आतल्या बाई या वेळी दारात येऊन उभ्या होत्या. "नि चालत येऊ नका म्हनावं," त्या म्हणाल्या, "चढ लय हाय."

साहेब, वाडीचा हा निरोप पोहोचवतो. आपली प्रकृती उत्तम राहो, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, आणि वरच्या वाडीत आपल्याला गाडीने नेण्याचा दिवस आम्हा सर्वांना पाहायला मिळो.