डाव्या रेषेवरचे चेंडू

दिवस जानेवारीतला तिसरा रविवार. रक्कम पाचशे साठ रुपये, म्हणजे चार मिसळी आणि चहा, हरणाऱ्या जोडीने द्यायचे. हजर आम्ही चौघे: मी, माझे जोडीदार काका, आणि समोर पिंपळगावचे द्राक्षवाले शेठ व देवळाली कॅम्पातले निवृत्त सुभेदार.

आमच्या कॉलनीच्या सिमेंटच्या कोर्टवर आम्ही दर रविवारी टेनिस खेळतो. पंच नसतो. चेंडू ज्यांच्या बाजूला पडेल त्यांनीच आत की बाहेर ते सांगायचं आणि समोरच्यांनी ते मानायचं. सिमेंटवर ठसा उमटत नाही, त्यामुळे माणसाच्या शब्दापलीकडे पुरावा नसतो. जोडीदारांचं एकमत नसेल तर चेंडू आत धरायचा, असाही नियम आहे. तो आमच्याकडे कधीच वापरला गेला नाही. काका सदुसष्ट वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. कॉलनीतली निम्मी मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांनी ‘बाहेर’ म्हटल्यावर शेजारी उभं राहून ‘आत’ म्हणणं आमच्यात बसत नाही.

गेम पाच-पाच झाले होते. शेठचा चेंडू काकांच्या डाव्या हाताला पडला. मी उजवीकडून पाहत होतो. चेंडू रेषेवर होता, म्हणजे आत.

“बाहेर,” काका म्हणाले.

शेठ जाळीपर्यंत आले. “बाहेर? काका, रेषेचा रंग निघाला असंल तिथला!”

“मी पाहिलं. बाहेर.”

“महिनाभर मी बी पाहतोय. तुमच्या बाजूचं कोर्ट लय आखूड हाय.”

“शेठ, सोडा,” सुभेदार म्हणाले. “पॉइंट आहे, सरहद्द नाही.”

“पॉइंटचं नाय ओ साहेब. मिसळीपायी मुख्याध्यापक एवढा खाली येतो, त्याचं वाईट वाटतं.”

काकांनी बाकावरच्या पिशवीतून पाकीट काढलं, पाचशे साठ रुपये मोजून सुभेदारांच्या हातात दिले, रॅकेट खोळीत घातली आणि फाटकाबाहेर गेले. पुढचे दोन रविवार ते आले नाहीत.

टेनिसमध्ये चेंडू खेळात असतो तो वेळ थोडा. बाकीचा वेळ चेंडू गोळा करणं, जागेवर जाणं, वाट पाहणं यात जातो. माझं नुकसान नेहमी त्या मोकळ्या वेळात होतं. एखादा निर्णय मनाविरुद्ध गेला की मी समोरच्यावर मनातल्या मनात खटला भरतो, साक्षी काढतो, निकाल देतो, आणि एवढं होईपर्यंत आणखी तीन पॉइंट गेलेले असतात. हे मला दोन-तीन वर्षांपूर्वी कळलं. कळून फरक फारसा पडला नाही. आता आरोप माझ्या जोडीदारावर होता, आणि चेंडू आत पडलेला मी स्वतः पाहिला होता. आठवडाभर ऑफिसात बसून मी तोच खटला चालवत होतो.

माझं काम हिशेब तपासण्याचं. त्या कामातली एक साधी गोष्ट मला चौथ्या की पाचव्या दिवशी आठवली. पैसे खाणाऱ्याच्या चुका एकाच दिशेने जातात, त्याच्या फायद्याच्या. खऱ्या चुका दोन्हीकडे जातात. मग मी काकांचे आठवतील तेवढे चेंडू आठवून पाहिले. आतले चेंडू त्यांनी बाहेर दिले होते हे खरं. पण हातभर बाहेर गेलेले चेंडूही ते धावत जाऊन परतवत होते, आणि त्यावर आम्ही पॉइंट हरलो होतो. त्याची तक्रार शेठ कशाला करतील? आणि हे दोन्ही प्रकारचे चेंडू डावीकडचेच होते. उजवीकडे एकही चूक आठवेना.

मला हायसं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही, मला त्यांची गाडी आठवली. काका दर आठवड्याला काकूंना गाडीने निफाडला नेतात. काकूंची थोरली बहीण तिथे अंथरुणाला खिळून आहे, आणि काकूंना बसच्या पायऱ्या चढवत नाहीत. मुलगा परदेशात. ती गाडी म्हणजे त्या दोघांचे पाय.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. खाली पार्किंगमध्ये गाडी उभी होती. डाव्या दारावर तीन चरे होते, डावा आरसा चिकटपट्टीने बांधलेला.

“तूही विचारायला आलास का?” काकांनी दारातच विचारलं.

“नाही काका. तुम्ही आपले किती पॉइंट फुकट घालवलेत, ते सांगायला आलोय.”

सगळं सांगितलं. काकू पाण्याचा तांब्या हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

“डावीकडचा चेंडू एकदम येतो,” काका म्हणाले. “आधी नसतो आणि मग असतो. मला वाटलं, वय झालं.”

“आणि तो आरसा?” काकू म्हणाल्या. “मला सांगितलंत, कुणीतरी धडकून गेलं.”

“मला खरंच तसं वाटलं गं.”

“डॉक्टरांकडे जाऊ या,” मी म्हणालो.

“जाऊ. पण त्यांनी गाडी बंद कर म्हटलं तर?” काका म्हणाले. “त्यापेक्षा शेठ म्हणतो ते खरं असतं तर बरं होतं. लबाडी सोडता आली असती.”

तपासणीला मी सोबत गेलो. एका यंत्रात हनुवटी टेकवून समोर बघायचं आणि कुठेही दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. बाहेर आल्यावर काका मला हळूच म्हणाले, “सोपं होतं. दिवे फारसे लागलेच नाहीत.” डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला. डाव्या डोळ्याचा मोठा भाग काळा होता. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी सांभाळायची. उजव्या डोळ्यातही सुरुवात होती. गाडी चालवायची नाही, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

शेठना मी फोन केला. ते म्हणाले, “आता कोणत्या तोंडानं जाऊ त्यांच्याकडं?” अजून गेलेले नाहीत. काकांच्या जागी रविवारी आम्ही दुसऱ्या कुणाला घेतलेलं नाही, तिघंच खेळतो. समोरून ‘बाहेर’ असं ऐकू आलं की माझ्या मनात आजही पहिल्यांदा खटलाच उभा राहतो. खाली वाकून चेंडू उचलतो आणि तेवढ्या वेळात तो थांबवायचा प्रयत्न करतो. कधी जमतं, बऱ्याचदा जमत नाही.

गाडी विकायची नाही, यावर काकू ठाम होत्या. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याच्या ओळखीतून एक ड्रायव्हर मिळाला. पहिल्या फेरीला मीही गेलो. काका मागच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसले होते आणि प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय दाबला जात होता. परतायला दिवेलागण झाली. निफाडला जाऊन-येऊन सातशे रुपये ठरले होते. काकांनी पाकीट उघडलं, पण ड्रायव्हर त्यांच्या डाव्या बाजूला उभा होता आणि ते त्याला समोर शोधत होते. काकूंनी त्यांच्या हातातून नोटा घेतल्या आणि सातशे रुपये ड्रायव्हरला दिले.