शेवंताबाईंनी मागितलेली परवानगी

त्या शनिवारी संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीचा शास्त्रपाठ मोठ्यानं वाचून बघत होतो. रविवारी चर्चमध्ये वाचायचं, तर आदल्या दिवशी घरात एकदा तरी तो उतारा वाचून घ्यायचा, हा माझा वीस-बावीस वर्षांचा नेम. तिसऱ्या-चौथ्या ओळीला जीभ जड झाली. वाटलं, घसा सुकला असेल. पाणी मागायला पत्नीला हाक मारली, तर तोंडातून निघालं ते तिचं नावही नव्हतं आणि पाणीही नव्हतं. नुसता घोगरा आवाज. ती स्वयंपाकघरातून धावत आली. उजव्या हातातलं पुस्तक खाली घसरलं होतं. ते उचलावं हे कळत होतं, पण हात ऐकत नव्हता.

दवाखान्यात अकरा दिवस काढले. जीव वाचला, पाय हळूहळू चालू लागला, बोटंही थोडी हलायला लागली. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. डॉक्टरांनी पत्नीला समजावून सांगितलं, की यांना ऐकू येतं, कळतंही सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. ते अगदी खरं होतं. समोर पेला दिसायचा, त्यातून पाणी पितात हे कळायचं, पण त्याला म्हणतात काय ते डोक्यात कुठंच नसायचं. मी कोर्टात कारकून होतो. माझं बोलणं स्पष्ट, शुद्ध, हे लोकांनी इतक्यांदा सांगितलं होतं की तो माझा दागिनाच झाला होता. आणि सात रस्ता चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या आमच्या चर्चच्या लहानशा मंडळीत वाचन म्हणजे मी, हे ठरूनच गेलं होतं.

घरी आल्यावर मी लोकांना भेटायचं बंद केलं. कुणी आलं की डोळे मिटून पडायचो. पत्नीनं दोनदा चर्चला चला म्हणून विनवलं. मी मान फिरवली. बोलता न येणाऱ्या माणसानं तिथं जाऊन काय करायचं? त्याहून वाईट गोष्ट मी तिलाही सांगू शकत नव्हतो. माझ्याच्यानं प्रार्थना होत नव्हती. प्रार्थनेलाही शब्द लागतात, आणि ते मनातल्या मनातसुद्धा जुळत नव्हते. दुपारी पंखा फिरताना बघत पडलेलो असायचो, तेव्हा भीती वाटायची, की इतकी वर्षं मी देवाशी बोललो ते खरंच बोललो, की आपलाच आवाज ऐकत बसलो?

आता एक कबूल करायला हवं. तीन वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या पाळकांनी ठरवलं, की उपासनेतली मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे आजारी, अडलेल्या माणसांसाठी करायची प्रार्थना, मंडळीतल्या लोकांनी आळीपाळीनं करावी. पाळकांनी बोलायचं आणि बाकीच्यांनी बाकावर बसून ऐकायचं, ही उपासना नव्हे, असं त्यांचं म्हणणं. पहिल्याच महिन्यात शेवंताबाईंची पाळी आली. या मूळच्या मंद्रूपच्या. इथं एका दवाखान्यात आया म्हणून काम करतात. साठीला आल्या आहेत, शाळा पाहिलेली नाही. त्यांनी आपल्या गावच्या बोलीत प्रार्थना केली. वॉर्डातल्या म्हातारीपासून शेजारणीच्या व्यालेल्या शेळीपर्यंत सगळ्यांची नावं घेतली. मागच्या बाकावरची पोरं हसली. मी मंडळीच्या कमिटीचा चिटणीस होतो. उपासना झाल्यावर त्यांना बाजूला घेऊन मी फार गोड शब्दांत म्हणालो, "शेवंताबाई, पुढच्या वेळी मी तुम्हाला प्रार्थना लिहून देतो, तेवढी वाचा." त्यांना वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "र्‍हाऊ द्या की साहेब. तुमीच वाचताव ते ब्येस हाय." त्यानंतर त्या कधी पुढं आल्या नाहीत. त्यांची पाळी मीच घेत राहिलो, आणि मनाला त्याचं काही वाटलं नाही.

आजाराला दीड महिना झाला, तेव्हा पत्नीनं मला न विचारता बुधवारी संध्याकाळी घरी प्रार्थनासभा ठेवली. पाळक नेमके बाहेरगावी गेले होते. सहा-सात माणसं आली, सतरंजीवर बसली. मला भिंतीला उशी लावून बसवलं होतं. एक गीत झालं आणि मग शांतता पसरली. अशा घरच्या सभेत पुढची सूत्रं नेहमी मी हातात घ्यायचो, त्यामुळे सवयीनं सगळे माझ्याकडेच बघू लागले. मग चूक लक्षात येऊन एकेकानं नजर खाली घातली. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

तेवढ्यात दाराजवळ बसलेल्या शेवंताबाई पुढं सरकल्या. कामावरून तशाच आल्या होत्या, साडीला फिनेलचा वास होता. माझ्याजवळ बसून त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, मी करू का परार्थना?"

त्या मलाच विचारत होत्या. टोमणा नव्हता, राग नव्हता. चर्चमध्ये एखाद्यानं चिटणिसाला विचारावं तसं साधं विचारणं होतं. त्या घरात आता माझ्या परवानगीची काही किंमत उरली नव्हती, तरी त्यांनी ती मागितली. मी मान हलवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

त्यांनी माझा उजवा हात, तो अधू हात, आपल्या हातात घेतला. "देवबापा, हे आमचे साहेब हायत. लई वरसं त्येंनी आमाला तुजं वाचून दावलं. आता त्येंना बोलाय येत न्हाय, म्हनून आमी आलोय. त्येंच्या मनात काय हाय ते आमाला ठाव न्हाय, पर तुला ठाव हाय की. आमी बोलतो ते त्येंचंच हाय म्हनून ऐक." एवढंच. मग प्रभूनं शिकवलेली प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणायला सुरुवात केली.

पुढं घडलं ते जसं घडलं तसं सांगतो. मी ऐकत होतो. ती प्रार्थना मला आईनं मांडीवर बसवून शिकवली होती. 'रोजची भाकर आज आम्हाला दे' ही विनवणी आली आणि इतरांच्या आवाजाबरोबर माझ्या तोंडातून एक शब्द बाहेर पडला. "भाकर." शेवंताबाईंनी ऐकला. त्या दचकल्या नाहीत. फक्त त्यांनी म्हणण्याची गती संथ केली, आणि त्यांच्यामागून सगळेच संथ झाले. पुढचे चार-पाच शब्द अडखळत आले. "आमेन" पूर्ण आला. पत्नी हुंदके देत माझ्याजवळ येऊन म्हणाली, "अहो, माझं नाव घ्या ना." मी तोंड उघडलं, पण काही आलं नाही. पेल्याचं नाव नाही, तिचंही नाही. सगळ्यांबरोबर म्हटलं तर येत होतं, एकट्यानं येत नव्हतं.

पुढच्या तपासणीत पत्नीनं डॉक्टरांना हे सांगितलं, तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. लहानपणी पाठ झालेलं, सगळ्यांनी मिळून म्हटलेलं असं परत येतं, ते चालू ठेवा, म्हणाले. शेवंताबाईंनाही ते माहीत होतं. "वार्डात बगितलंय मी, बोलता न येनारी मानसं गानं म्हनत्यात," त्या म्हणाल्या. "पर त्या दिशी मी ते आटवून काय केलं न्हाय. तुमचं तोंड हाललं, म्हनून दमानं घेतलं." मला या दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात आणि त्यांत भांडण दिसत नाही. त्याच बुधवारी, नेमक्या त्याच बाईला माझ्याजवळ कुणी आणून बसवलं, हे मी कुणाला पटवायला जात नाही.

त्यानंतर महिनाभर त्या कामावरून घरी जाताना आमच्याकडे थांबत. पत्नी चहा टाकी, आणि आम्ही तिघं ती प्रार्थना दोनदा म्हणत असू. मला त्यांची क्षमा मागायची होती. शब्द येत नव्हता, आणि आला असता तरी नुसत्या शब्दानं भागलं नसतं. म्हणून पुन्हा चर्चला जायच्या पहिल्या रविवारी मी डाव्या हातानं एका कागदावर दोनच शब्द लिहिले आणि पाळकांसमोर धरले: "शेवंताबाई प्राथना." रफार राहून गेला होता. पूर्वी दुसऱ्या कुणाची अशी चूक दिसली असती तर मी पेन काढलं असतं. पाळकांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि शेवंताबाईंचं नाव पुकारलं. त्या उठेनात. मी वळून मागं पाहिलं आणि हात जोडले. तेव्हा त्या उठल्या.

आता बोलणं निम्मंअर्धं परतलं आहे. हे एवढं लिहायला चार महिने लागले; अडलेले शब्द पत्नीनं सुचवले. एकट्यानं शास्त्रपाठ वाचणं अजून जमत नाही, बहुधा जमणारही नाही. त्याचं दुःख होतं, पण पूर्वीसारखं टोचत नाही. मध्यस्थीच्या प्रार्थनेत प्रत्येक विनंतीनंतर मंडळी मिळून "प्रभू, आमचं ऐक" म्हणते, त्यात माझा आवाज असतो.

गेल्या महिन्यात शेवंताबाईंची धाकटी बहीण मंद्रूपला वारली. त्यानंतरच्या रविवारी प्रार्थनेची पाळी त्यांचीच होती. पाळक म्हणाले, नको, मी करतो. त्या ऐकेनात. आजाऱ्यांसाठी मागितलं, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी मागितलं, आणि बहिणीच्या लेकरांची नावं घ्यायला गेल्या तिथं त्या अडल्या. सगळं चर्च थांबलं. माझ्याही नकळत मी म्हणालो, "प्रभू, आमचं ऐक." तो एकट्याचा, फाटका, बोबडा आवाज होता. लगेच मागून पुढून सगळ्यांनी तेच म्हटलं. पुन्हा म्हटलं. आम्ही म्हणत राहिलो. शेवंताबाईंनी पदरानं तोंड पुसलं, लेकरांची नावं एकेक करून घेतली, आणि प्रार्थना पुढं चालू झाली.